मोटर चालते, पण ओढत नाही

लहान होडीच्या मागच्या फळीला टांगायची मोटर आता कोकणातल्या पुष्कळ बंदरांवर दिसते. तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात. अमेरिकेत ओल एव्हिन्रूड या कारागिराने १९०९ साली अशा मोटरी विकायला काढल्या. हा गृहस्थ मूळचा नॉर्वेचा. वल्ही मारून मोडणाऱ्या पाठी या मोटरीने वाचवल्या, यात शंका नाही.

पण तिचे एक दुखणे मोठे फसवे आहे. धक्क्याजवळ ती छान घरघरते. मग जाळी, बर्फ आणि माणसे भरून होडी खाडीच्या मुखाशी येते. तिथे मूठ पूर्ण पिळली की मोटर दम टाकते. मुखाशी लाटा फुटत असतात, ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असते. ऐन वेळी जोर गेला तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीत लाट शिरायला वेळ लागत नाही. म्हणून 'चालतंय तोवर चालवू' असे या दुखण्याला म्हणू नये.

असे का होते? सर्दीने नाक दाटलेला माणूस अंगणात आरामात फिरतो. डोक्यावर भाताचे पोते घेऊन घाटी चढू लागला की मात्र धापा टाकतो. मोटरीचेही तसेच. हळू चालताना तिला पेट्रोल थोडे लागते. वाट निम्मी तुंबलेली असली तरी तेवढे पोचते. भार आला की जास्त लागते, आणि तेव्हा तुंबलेली वाट उघडी पडते.

पहिली तपासणी कानाने करावी. मूठ पिळल्यावर मोटरीचा आवाज पडतो की चढतो, ते ऐका. आवाज नुसताच चढतो आणि होडी पुढे जात नाही, तर दोष बहुतेक पंख्याकडे आहे. मोटर बंद करून पंखा वर घ्या. जाळ्याचा तुकडा, दोरी किंवा प्लास्टिक गुंडाळले आहे का? पाते मोडले आहे का? काही दिसले नाही तर पंख्याच्या मधल्या रबराचा संशय धरावा. पुष्कळ पंख्यांत आतला धातू आणि बाहेरची पाती यांच्यामध्ये रबर असते. खडकावर आपटताना धक्का सोसायला ते ठेवलेले असते. ते सुटले की आतला भाग फिरतो आणि पाती मागे राहतात. मागून आतल्या धातूवर आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एकच सरळ रेघ ओढा. भार देऊन एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन्ही टोके सरकलेली दिसली, तर रबर सुटले म्हणून समजा.

आवाजच पडत असेल तर आधी पेट्रोलची वाट पाहावी. आमच्या पाहण्यात पुष्कळदा दोष इथेच सापडतो, आणि तरी लोक आधी महागडे भाग बदलतात! टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल ओढले जात नाही. मग नळीवरचा रबरी फुगा बघा. चालू मोटरीत तो चपटा झाला, तर टाकीकडची वाट तुंबली आहे. मोटर दम टाकू लागली की एकाने सुकाणू सांभाळावे आणि दुसऱ्याने फुगा दाबत राहावे. दाबताना जोर परत आला, तर पेट्रोल कमी पोचते हे ठरले. पंप थकला असेल, किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल. ज्या सांध्यातून पेट्रोलचा थेंब गळत नाही, त्यातूनही हवा आत ओढली जाते. जुन्या नळीचे आतले अस्तर सुटून वाट अडवते. बाहेरून नळी अगदी नवी दिसते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतले पाणी धरते. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर बसला, तर ते पेट्रोल मोटरीत घालू नये. हे काम उघड्यावर करावे, आणि बिडी दूर ठेवावी हे वेगळे सांगायला नकोच.

फुगा दाबूनही फरक पडला नाही, तर कार्बुरेटर बघावा लागतो. त्यात मंद चालीचे भोक वेगळे आणि पूर्ण चालीचे वेगळे. मोठ्या चालीचे भोक तुंबले, तरी मोटर धक्क्यावर गोड चालते ती यामुळे. ही भोके फार बारीक. तार घालून ती साफ करू नयेत, मोठी होतात.

मोटरीला दोन सिलिंडर असतील तर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा काळा ओला असला, तर ओल्या बाजूचा सिलिंडर काम करत नाही. नवा प्लग घालूनही तसेच राहिले, तर मिस्त्री गाठावा.

मोटरीच्या मागून बारीक धार पडते तीही बघत जा. ती थांबली तर मोटर तापते, आणि काही नव्या मोटरी तापल्या की आपणहून जोर कमी करतात. होडीचा तळही विसरू नका. शेवाळ आणि शिंपल्यांसारखे कठीण जीव चिकटले की चांगली मोटरही थकते.

मुखाबाहेर असताना जोर गेला तर मूठ थोडी सैल करावी. कमी चालीत मोटर बहुधा चालते. लाटा फुटतात तिथे त्या चालीने शिरू नये. बाहेरच नांगर टाकून भरतीची वाट पाहावी. वल्ही आणि नांगर होडीत हवीतच.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या. नुसतं 'मोटर बिघडली' म्हटलं की तो सगळंच उघडतो आणि त्याचे पैसे आपण भरतो. असे लिहावे: "निम्म्या चालीपुढे आवाज पडतो. फुगा दाबला की जोर येतो. हवेचा स्क्रू उघडा होता. दोन्ही प्लग कोरडे. पाण्याची धार चांगली."