मँडोलिन क्वार्टेटसाठी लिहिताना (लेखांक ६) : ट्रेमोलो जपून वापरा

मागच्या लेखांकात वाद्यांचे पल्ले पाहिले. आता लिहायला बसू. आपला संच चौघांचा आहे : दोन मँडोलिन, एक मँडोला, एक मँडोचेलो. ही वाद्यं अनुक्रमे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसारखीच लावतात. त्यामुळे पहिला मोह होतो तो हायडनची एखादी स्ट्रिंग क्वार्टेट उचलून जशीच्या तशी वाजवण्याचा. स्वर बसतात, बोटंही बसतात, पण संथ भाग आला की सगळं पोकळ वाटू लागतं.

गजानं स्वर हवा तितका लांबवता येतो, मधेच फुलवता येतो. मँडोलिनची तार छेडली की स्वर लगेच ओसरू लागतो, आणि वरच्या 'ई'वर तर फारच लवकर. इटालियन वादकांचा यावरचा हुकमी उपाय म्हणजे ट्रेमोलो : प्लेक्ट्रम वर-खाली इतक्या वेगानं चालवायचं की स्वर सलग वाटावा. कार्लो म्युनिएरनं १८९० मध्ये फ्लॉरेन्समध्ये प्लेक्ट्रम-वाद्यांची क्वार्टेट उभी केली आणि तिच्यासाठी मुद्दाम रचना केल्या. नेपल्सच्या राफाएले कालाचेनं (१८६३–१९३४) तर एकाच मँडोलिनवर वरच्या तारेचा ट्रेमोलो आणि त्याखाली छेडलेली साथ, असं दोन्ही एकाच हातानं वाजवून दाखवलं.

पण चौघांनी एकदम ट्रेमोलो धरला की आघातांची नुसती भरभर कानावर येते आणि मधले स्वर बुडतात. नवा रचनाकार सर्वाधिक इथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाला ट्रेमोलो द्या आणि बाकी तिघांना छेडू द्या. ओसरणारा स्वर हा या वाद्याचा स्वभाव आहे. त्या ओसरण्यात दुसऱ्या वाद्याला शिरायला जागा मिळते.

कॉर्ड मांडतानाही हेच लक्षात ठेवावं. डी मेजर घ्या. मँडोचेलोला मोकळी 'डी', मँडोलालाही मोकळी 'डी', दुसऱ्या मँडोलिनला मोकळी 'ए', आणि पहिल्याला 'ई'च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरचा एफ शार्प. चारांपैकी तीन तारा मोकळ्या, त्यामुळे कॉर्ड घुमत राहते. हीच कॉर्ड अर्धा स्वर वर, ई फ्लॅटमध्ये नेली की चौघांचीही बोटं पडद्यावर येतात. घुमारा आटतो आणि आवाज कोरडा, आखूड होतो. करुण प्रसंगाला तोही रंग उपयोगी पडेल, पण तो जाणूनबुजून निवडलेला असावा.

दोन्ही मँडोलिनचा आवाज सारखाच असतो, याचाही फायदा घ्या. वादकांना रंगमंचाच्या दोन टोकांना बसवा आणि एकच चाल दोन-दोन स्वरांनी वाटून द्या. चाल श्रोत्यांसमोर इकडून तिकडे फिरते. विवाल्डीच्या दोन मँडोलिनच्या कॉन्चेर्तोत ही देवाणघेवाण मनसोक्त ऐकायला मिळते. आपल्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत स्वतः मँडोलिनवादक होते; पण हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य बहुधा एकट्यानंच बोलतं, त्यामुळे चौघांचा संवाद आपल्या कानांना तसा नवाच आहे.

एक व्यावहारिक सूचना. जर्मन संचांतला मँडोला मँडोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली लावतात, व्हायोलासारखा नाही. कोणासाठी लिहिताय हे आधी विचारून घ्या, नाहीतर तो पार्ट पुन्हा लिहावा लागेल.

पुढच्या आठवड्यापर्यंत आठ बारांची एक संथ चाल चौघांसाठी लिहा, आणि ट्रेमोलो फक्त एकाच वाद्याला, तोही शेवटच्या दोन बारांतच द्या.