मृत्यूची मोजदाद आणि आरोग्याचा अनुशेष

३० सप्टेंबर ही तारीख मराठवाड्याच्या स्मरणात दोन वेळा नोंदली गेली आहे. १९९३ साली त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, २०२३ साली, त्याच तारखेपासून पुढील चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा अर्भके होती. या दोन घटनांची तुलना कोणास अप्रस्तुत वाटेल. एकीत हजारो माणसे गेली, दुसरीत काही डझन. तथापि या दोन घटनांनंतर आपण काय शिकलो, ही तुलना मात्र उद्बोधक आहे.

किल्लारीचा भूकंप जगाच्या मानाने मध्यम तीव्रतेचा होता. मग एवढी माणसे का मेली, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरील माळवदाचा बोजा, हे त्याचे उत्तर निघाले. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानला जात असे. २००२ साली देशातील भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा किल्लारीच्या परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. म्हणजे त्या पहाटे गेलेल्या माणसांच्या मृत्यूचे कारण शोधले गेले, आणि ते ज्ञान पुढच्या पिढीच्या घरांच्या उपयोगी पडावे अशी तरतूद झाली.

नांदेडच्या घटनेनंतर मंत्री आले, विरोधी पक्षांचे नेते आले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करविले आणि ते दृश्य देशभर दिसले. औषधे पुरेशी होती की नव्हती, डॉक्टर व परिचारिका किती होत्या, यांवर वाद झडले. हे प्रश्न गौण आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते सर्व रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतात. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरातून अत्यवस्थ रुग्ण अखेरच्या क्षणी येथे येतात, असे रुग्णालयाच्या वतीने त्या वेळी सांगण्यात आले होते. बचावाचा युक्तिवाद म्हणून ते विधान बाजूला सारले गेले. वस्तुतः एखाद्या संशोधनाचा आरंभ व्हावा असे ते विधान होते.

कारण ते अर्भक रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीचे दिवस कोठे गेले? त्याचे जन्मवजन किती होते? आईला गरोदरपणी रक्तक्षय होता काय? प्रसूती कोठे झाली, तेथून किती ठिकाणी पाठविण्यात आले, वाहन मिळावयास किती तास लागले? सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या संशोधिकांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली होती: उपचार घ्यावयाचे ठरविण्यातील विलंब, उपचारस्थळी पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यानंतर उपचार मिळण्यातील विलंब. नांदेडमध्ये सारी चर्चा तिसऱ्या विलंबाची झाली. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या बाळंतिणीच्या बाबतीत पहिले दोन विलंबच प्राणघातक ठरत असतील, तर नांदेडात खाटा वाढवून तिचे बाळ वाचणार नाही. ठरत असतील की नाही, हे तर्काने सांगता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

आपण मोजतो काय?

महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० साली हजार जन्मांमागे १६ होता आणि देशाचा २८. हा आकडा नमुना नोंदणी पद्धतीने काढला जातो आणि राज्यासाठी तो विश्वसनीय आहे. परंतु या पद्धतीत नमुन्याचा आकार असा असतो की, त्यातून एकेका जिल्ह्याचा दर काढता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्हावार माहितीपत्रके प्रसिद्ध करते. २०१९-२१ च्या पाहणीतील अशा पत्रकांत लसीकरण आहे, रक्तक्षय आहे, मुलांची खुरटलेली वाढ आहे. मृत्युदर मात्र नाही. म्हणजे राज्याच्या चांगल्या सरासरीच्या पदराखाली नांदेड आणि लातूर कोठे बसतात, हे या दोन्ही साधनांनी कळत नाही. राहता राहिली जन्ममृत्यूंची नोंदणी. १९६९ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. परंतु २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. बाकीचे लोक कशाने गेले, ते सरकारी दप्तराला ठाऊक नाही.

नोंदीतून माणूस कसा निसटतो याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमचे विद्यार्थी एका खेड्यात घरोघर जाऊन कर्जबाजारीपणाची माहिती गोळा करीत होते. एका घरी सावकाराच्या कर्जाचे कारण विचारले असता, ते चार दिवस जगलेल्या मुलासाठी काढले होते, असे उत्तर मिळाले. गाडीभाडे आणि खाजगी दवाखान्याची अनामत यांत ते संपले होते. विद्यार्थ्याने ग्रामपंचायतीची नोंदवही पाहिली, तेव्हा त्या मुलाचा जन्मही तीत नव्हता व मृत्यूही नव्हता. यात कोणा ग्रामसेवकाचा अपराध होता असे मी मानत नाही. जन्म आईच्या माहेरी, दुसऱ्या तालुक्यात झाला होता. मृत्यू वाटेत गाडीत झाला होता. घर तिसऱ्याच ठिकाणी होते. शासनाच्या लेखी ते मूल जन्मलेच नाही. सावकाराच्या वहीत मात्र त्याची नोंद पक्की होती.

ज्ञानाने वाचलेले जीव

असे संशोधन म्हणजे सुखवस्तू विद्वानांचा उद्योग, गरिबाला औषध हवे, अहवाल नको, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच आहे. पायातून निघणारा नारूचा जंतू काडीला गुंडाळून दिवसेंदिवस ओढीत बसलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हते. पण त्याची साखळी अभ्यासकांनी उलगडली होती. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, जंतूची पिल्ले पाण्यात पडत, तेथील सूक्ष्म जीवांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. ही साखळी पाण्याशीच तोडावयाची, हे ठरले. १९८३-८४ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या गेल्या, विंधन विहिरी खोदल्या, पाणी कापडातून गाळण्यास शिकविले, आणि मुख्य म्हणजे गावोगाव हिंडून एकेक रुग्ण शोधून त्याची नोंद केली. १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते. १९९६ च्या जुलैमध्ये अखेरचा रुग्ण राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. औषधाच्या एका गोळीवाचून एक रोग देशातून गेला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडल्यास उपाय करणे आणि जंतुदोष ओळखून उपचार करणे शिकविले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २०११ साली ही कल्पना केंद्र शासनाच्या धोरणात आली. त्यानुसार आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी सहा-सात भेटी द्यावयाच्या असतात. दरम्यान २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. स्वयंसेवी संस्थांनी राज्याच्या निरनिराळ्या भागांत बालमृत्यू मोजले, तेव्हा ते सरकारी नोंदीहून कितीतरी अधिक भरले. शासनास हे कटू वाटले असेल. परंतु त्यानंतरच बालमृत्यू हा राज्याच्या चर्चेचा विषय झाला. दोन्ही ठिकाणी क्रम एकच दिसतो. आधी घरोघर मोजणी, मग कारणाचा शोध, मग उपाय, आणि अखेरीस धोरण. आपण बहुधा अखेरच्या पायरीपासून आरंभ करतो.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, साधन जितके दुर्मीळ तितकी निवड काटेकोर हवी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. हा खर्च वाढलाच पाहिजे. परंतु जो रुपया हाती आहे तो रुग्णवाहिकेवर खर्चावा की खाटेवर, गरोदर स्त्रीच्या आहारावर की यंत्रावर, हे कशाच्या आधारे ठरवावयाचे? औषधांचा तुटवडा हाही अंशतः माहितीचाच तुटवडा असतो. कोणत्या महिन्यात कोणता रोग किती होतो हे ज्याला ठाऊक नाही, तो मागणी अंदाजानेच नोंदविणार.

अनुशेषाची नवी बाब

अनुशेष हा शब्द मराठवाड्यात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, त्यातील नऊ क्षेत्रांत आरोग्यसेवाही होती. राज्याच्या सरासरीहून कोठे काय कमी आहे, हे त्या हिशेबाने प्रथमच आकड्यांत दाखविले. तो पाया मोलाचा होता. परंतु त्यानंतर आपण अनुशेष म्हणजे इमारती, खाटा आणि पदे असेच समजत आलो. कोणत्या तालुक्यात किती अर्भके व माता दगावतात आणि का दगावतात, या माहितीचा अनुशेष कोणी मागितला नाही, म्हणून तो कोणी भरलाही नाही.

आणि हे कोठे घडते? तर डॉक्टर घडविण्याच्या वेडाने झपाटलेल्या दोन शहरांत. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती आता जुनी झाली. नांदेडच्या शिकवणी वर्गांनीही तोच मार्ग धरला. दरवर्षी हजारो मुले-मुली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी या शहरांत येऊन राहतात. दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेडात आहे. बुद्धी आहे, संस्था आहेत, तरुण पाय आहेत. नाही ती सवय. आम्हा प्राध्यापकांचे संशोधन बढतीच्या कोष्टकात बसेल एवढेच असते. त्यासाठी लिहिलेला निबंध शेजारच्या खेड्याच्या उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आम्ही स्वतःही ठेवीत नाही. हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. बालमृत्यूंच्या अन्वेषणाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१४ सालीच दिली आहेत. त्यांनुसार जे निष्कर्ष निघतील, त्यांचा तालुकावार गोषवारा नावे वगळून दरवर्षी जाहीर करावा. आशा कार्यकर्ती भेटींचे जे तक्ते भरतात, ते वर पाठवून संपू नयेत. त्यांतून काय दिसले ते त्याच गावाच्या ग्रामसभेत परत यावे. आणि नांदेड व लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी विद्यापीठातील अर्थशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांच्या साहाय्याने दोन्ही जिल्ह्यांतील काही गावे कायमच्या अभ्यासासाठी निवडावीत. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक मोठे आजारपण आणि त्याचा खर्च तेथे लोकांच्या संमतीने वर्षानुवर्षे नोंदला जावा. दहा वर्षांनी त्या नोंदींना जे मोल येईल, ते आज कोणत्याही कोनशिलेला नाही. यात शिक्षकाला काम आहे, विद्यार्थ्याला आहे, आणि नोंदवहीचा रकाना रिकामा न सोडणाऱ्या कारकुनाला तर सर्वांत अधिक आहे.

पुढच्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या मृतांना आदरांजली वाहिली जाईल. नांदेडच्या त्या बारा अर्भकांचे स्मारक कोणी उभारणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ती का गेली याचे खरे, पुराव्यानिशी उत्तर काढून त्यावरून एखाद्या तालुक्यातील एखादा नियम बदलला, तरी त्यांची नोंद योग्य ठिकाणी झाली असे म्हणता येईल.