केशोरीचं पानी, रोमांचं पानी

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडे झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. 'पाणी' तिथे 'पानी'. हजारो मैलांवर, युरोपातल्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेतही पाण्याला 'पानी'च म्हणतात. नाकाला 'नाख', कानाला 'कान', आगीला 'याग'. ही भाषा संस्कृतच्या कुळातली, भारतातून पश्चिमेला गेलेली.

'रोमानी' शब्दाचा रोम शहराशी किंवा रुमानिया देशाशी संबंध नाही. त्या भाषेत 'रोम' म्हणजे आपल्या समाजाचा पुरुष, नवरा; 'रोमनी' म्हणजे बायको. 'रोमानी' हे त्यावरून झालेलं स्त्रीलिंगी विशेषण. भाषेचं नाव 'रोमानी छिब', आणि छिब म्हणजे आपली जीभ! बहुतेक अभ्यासक 'रोम'चं मूळ संस्कृत 'डोम्ब' शब्दात पाहतात. पश्चिम आशियात त्याचा 'डोम' झाला, आर्मेनियात 'लोम'. आपला 'डोंबारी' शब्दही याच घरचा. शब्दाचं नातं म्हणजे रक्ताचं नातं मात्र नव्हे, एवढं जपावं.

इंग्रजांनी रोमा लोकांना इजिप्तचे समजून 'जिप्सी' म्हटलं. हे परक्यांनी चिकटवलेलं नाव अनेकांना अपमानाचं वाटतं. 1971 साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने 'रोम' हेच नाव स्वीकारलं.