संगणक सुरू का होत नाही?

जूनमध्ये शाळा उघडते. महिना-दीड महिना बंद असलेल्या संगणक-खोलीत आपण बटणे दाबत जातो आणि एखादा संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला हमखास मिळतो. तो लगेच मानू नये. फॉरमॅट करून बिघाड जाईलच असे नाही. पण डिस्कवरचे निकाल, प्रश्नपत्रिका आणि मुलांनी केलेली कामे मात्र जातील. थोडा विचार केला तर बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा आपल्यालाच ओळखता येते.

त्यासाठी संगणक सुरू कसा होतो ते पाहू. ही क्रिया खो-खोसारखी आहे. एक भाग आपले काम करून पुढच्याला खो देतो. पहिला खेळाडू एसएमपीएस. तो घरगुती २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. ती स्थिर झाली की प्रोसेसर जागा होतो. पण रॅम तर वीज गेली तेव्हाच कोरी झालेली! मग पहिली सूचना येते कुठून? मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये ती लिहून ठेवलेली असते. हा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो रॅम व इतर भाग तपासतो, डिस्क शोधतो आणि शेवटी डिस्कवरची विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली रॅममध्ये आणवतो.

आता प्रश्न एवढाच, की खो कुठे अडला?

दिवा नाही, पंखाही फिरत नाही : त्याच सॉकेटला टेबल-लॅम्प लावून पाहा. मग शेजारच्या चालू संगणकाची वायर लावा. तरीही काही नाही, तर संशय एसएमपीएसवर.

पंखा फिरतो, पडदा काळा : आधी दुसरा मॉनिटर लावून पाहा. मग रॅमची पट्टी. दमट हवेत तिच्या टोकांवर मळ धरतो. पट्टी काढून, टोके पुसून पुन्हा नीट बसवली की पुष्कळदा काम होते. बीप ऐकू आल्यास ते मोजा. त्यांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

डिस्क सापडत नसल्याचा संदेश : एखादा पेनड्राइव्ह लागून राहिला आहे का? घड्याळ जुनी तारीख दाखवते का? तसे असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे. जुन्या संगणकांत त्याबरोबर डिस्कविषयीच्या नोंदीही पुसल्या जातात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नका. बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

विंडोजचे चिन्ह येऊन सगळे थांबते : संशयाची सुई प्रणालीकडे वळते ती इथे. तरीही आधी फाइलींची प्रत काढावी, मग दुरुस्ती.

एक नियम मात्र पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर आणि रॅम एकदमच बदलली आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कळणारच नाही. प्रयोगात एकच घटक बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, हे आपण वर्गात शिकवतो तेच हे. मुलांना सोबत घ्या. अंदाज आधी वहीत लिहू द्या, मग पडताळू द्या.

खोका उघडण्यापूर्वी प्लग काढावा, आणि हाताला आधी त्याच्या धातूचा स्पर्श होऊ द्यावा म्हणजे अंगावरचा स्थितिक विद्युतभार निघून जातो. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

एसएमपीएस किंवा रॅम बिघडली म्हणून डिस्कवरची माहिती सहसा जात नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की ती बहुधा वाचता येते. डिस्क कुलूपबंद केली असेल तर तिची किल्ली लागते. पण डिस्कही कधीतरी मोडणारच. म्हणून निकालपत्रकाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असू द्या, संगणक चालू आहे तोवरच.