राखीव वैमानिक ही उधळपट्टी नव्हे

विमानातील रिकाम्या आसनाइतका नाशवंत माल दुसरा नाही. भाजीवाल्याची उरलेली मेथी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी खपते; उडालेल्या विमानातील रिकामी जागा कोणत्याच भावाने विकता येत नाही. विमान जमिनीवर उभे राहिले तरी भाडेपट्ट्याचा हप्ता थांबत नाही. म्हणून ते अधिकाधिक वेळ हवेत ठेवणे, हे या धंद्याचे पहिले सूत्र ठरले. १९७२ मध्ये अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीला आपल्या ४ विमानांपैकी एक विकावे लागले, तेव्हा दोन उड्डाणांमधील थांबा १० मिनिटांवर आणून तिने ३ विमानांवर चारांचे वेळापत्रक चालविले. स्वस्त विमानप्रवासाचा पाया अशा काटकसरीत आहे आणि भारतातील मध्यमवर्गालाही तिचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु यंत्राचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. थकलेला वैमानिक हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आला. म्हणजे तयारीस दीड वर्षाहून अधिक अवधी होता. तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ तारखेला तर एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली.

यानंतर जे घडले ते अधिक चिंताजनक आहे. रात्रीच्या कामाच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीवर अवलंबून असल्यावर सरकारपुढे दुसरा मार्ग तरी कोणता उरतो? मक्तेदारीची किंमत केवळ भाड्यात मोजायची नसते, ती अशी नियमांच्या माघारीतही मोजावी लागते.

काटकसर आणि तुटवडा यांत भेद आहे. राखीव वैमानिकाचा पगार हा वायफळ खर्च नसून विम्याचा हप्ता आहे. तो वाचविला तर नफा कंपनीचा होतो आणि जोखीम प्रवाशाच्या माथी येते. यापुढे वेळापत्रक मंजूर करताना कंपनीपाशी विमाने किती, एवढेच पाहून चालणार नाही. पुरेशी विश्रांती घेतलेले वैमानिक किती, याचाही पुरावा महासंचालनालयाने आधी मागितला पाहिजे.