होडीची जुनी मोटर

कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला म्हणजे वर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हां पाण्यांत उतरतात, आणि त्यांपैकीं कांहीं विकावयासही निघतात. मुंबईहून आलेलें हौशी गिऱ्हाईक होडीचा बांधा पाहतें, रंग पाहतें, फळ्या हातानें दाबून पाहतें; आणि पिछाडीला टांगलेली मोटर एकदां फुरफुरली म्हणजे त्याचें समाधान होतें. वास्तविक होडीची फट डोळ्यांना दिसते. मोटरीचें दुखणें आंत असतें. आणि तें प्रगट होतें तें पुष्कळदां किनाऱ्यावर नव्हे, तर खाडीच्या मुखाशीं, ओहोटी होडीला बाहेर ओढीत असतांना.

हें यंत्र आज शतकाहून जुनें आहे. १९०९ सालीं अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं ओल एव्हिनरूड यानें बनविलेली मोटर लोकप्रिय झाली. त्या नांवाच्या मोटरींचें उत्पादन २०२० सालीं थांबलें, परंतु रचनेचें तत्त्व तेंच राहिलें आहे: वर इंजिन, मध्यें उभा दांडा, खालीं दंतचक्रें आणि पंखा. इंजिन थंड राखण्यासाठीं पंख्याजवळच्या छिद्रांतून समुद्राचेंच पाणी आंत घेतलें जातें. एक लहानसा रबरी पंप तें वर चढवितो, आणि सिलिंडरांभोंवतीं फिरून तें बाहेर पडतें. म्हणजे ज्या खाऱ्या पाण्यावर ही मोटर जगते, तेंच तिला आंतून खात असतें. वापरानंतर ती गोड्या पाण्यानें धुतली नाहीं, तर मीठ सांठून वाटा बुजतात आणि इंजिन तापून पिस्टन निकामी होतो. तेव्हां जुन्या मोटरीची परीक्षा म्हणजे मुख्यतः खारें पाणी जाऊं नये तेथें गेलें आहे काय, याचा शोध होय.

तो शोध मोटर चालू करण्यापूर्वींच सुरू होतो. टोपण काढून इंजिनास हात लावावा. तें कोमट लागलें, तर गिऱ्हाईक येण्यापूर्वीं तें चालवून ठेवलें आहे हें उघड. आणि थंड इंजिन सहज सुरू होतें कीं नाहीं, हीच तर पहिली कसोटी. टोपणाखालीं पांढरें मीठ, तारांच्या जोडांवर हिरवट गंज, हीं लक्षणें वाईट. मोटरीच्या पायाशीं जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे लहान ठोकळे असतात. आधीं ते झिजावेत आणि मोटर वांचावी, अशी ती योजना. अर्धवट झिजलेला ठोकळा ही चांगली खूण. तो समूळ नाहींसा झाला असेल किंवा रंगानें माखलेला असेल, तर त्याच्या वाट्याची झीज मोटरीनें सोसली असें समजावें.

त्यानंतर दंतचक्रांच्या पेटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडें तेल बाहेर घ्यावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे. त्यांत धातूचे कण चमकले, तर दांते झिजत आहेत. पाणी शिरण्याचें एक नित्याचें कारण म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा. तो पंख्यामागें दांड्यास गुंडाळला जातो आणि रबरी सील कापतो. म्हणून पंखा काढून पाहावें. दांडा फिरवितांना डुलत असेल, तर कोठें तरी खडकाचा तडाखा बसलेला आहे.

इंजिनाच्या अंतरंगाची साक्ष दाबमापक देतें. सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. आंकड्यांपेक्षां त्यांतील मेळ महत्त्वाचा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून सुमारें १० टक्क्यांपेक्षां अधिक कमी भरला, तर व्यवहार थांबवून कारीगरास विचारावें.

शेवटची परीक्षा पाण्यांतच व्हावयास हवी. किनाऱ्यावर नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या मोटरीवर भार नसतो. तिचें चालणें म्हणजे खाटेवरील रोग्याचें हातपाय हालविणें. होडींत माणसें बसवून मोटर पुरती उघडावी. कारखान्यानें नेमून दिलेले फेरे ती गांठते काय, पुढें, मागें व मधल्या स्थितींत दांडा विनासायास पडतो काय, हें पाहावें. मागें पडणारी पाण्याची बारीक धार अखंड असावी. ती तुटली तर मोटर तत्काळ बंद करावी. पेट्रोलकडेही दुर्लक्ष नको. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि तें हवेंतील पाणी शोषून घेतें. पावसाळाभर टांकींत राहिलेलें पेट्रोल मोटर अडखळविण्यास पुरेसें होतें. अशा दोषाची दुरुस्ती स्वल्प खर्चाची. पिस्टनाची अथवा दंतचक्रांची तशी नव्हे.

हें सर्व झाल्यावर मोटरीवरील क्रमांक कागदांशीं ताडून पाहावा, आणि तिचे सुटे भाग जवळच्या बाजारांत मिळतात कीं नाहीं याची चौकशी करावी. या साऱ्या खटाटोपास फार तर एक सकाळ लागते. प्रामाणिक विक्रेता ती सकाळ आनंदानें देतो. जो देत नाहीं, त्याच्या नकारांतच मोटरीची हकीगत कळून येते. आणि ती किनाऱ्यावर कळणें हें खाडीच्या मुखाशीं कळण्यापेक्षां केव्हांही बरें.