मुरलेले यंत्र

जपानी भाषेत ‘कारेता’ असा एक शब्द आहे. त्याचा कोशातला अर्थ सुकलेले, वाळलेले एवढाच. परंतु अभियंत्याच्या तोंडी तो येतो तेव्हा त्यात निंदा नसते. ज्या तंत्रातले दोष वापरता वापरता उघडे पडून दुरुस्त झाले, ज्याचा लहरीपणा संपला आणि जे घाऊक तयार होऊ लागल्यामुळे स्वस्तही झाले, अशा तंत्राला ते लोक हे विशेषण लावतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द मला ‘मुरलेले’ हा वाटतो. कारण बरणीतल्या लोणच्यालाही चव येते ती नवेपणाचा तिखट तोरा उतरल्यावरच. गुंपेई योकोई या क्योतोच्या कारागिराने आपल्या आयुष्यभराच्या कामाचे सूत्र याच शब्दाभोवती गुंफले होते: तंत्र मुरलेले घ्यावे आणि विचार मात्र आडवाटेने करावा, म्हणजे जे ज्या कामासाठी जन्मलेच नाही त्या कामाला ते लावून पाहावे. ‘गेम बॉय’ नावाचे जे करड्या रंगाचे, तळहातावर मावणारे यंत्र १९८९ साली जगापुढे आले, ते या सूत्राचे मूर्त रूप होय.

योकोई १९६५ साली निंटेंडोत रुजू झाले, तेव्हा ती इलेक्ट्रॉनिक खेळांची पेढी नव्हती. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली क्योतोत फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी जे दुकान घातले, त्याचाच तो विस्तारलेला कारखाना होता. आणि दोशिशा विद्यापीठातून विद्युत्शास्त्राची पदवी घेऊन आलेल्या या तरुणाची नेमणूक पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर झाली होती. हाताशी वेळ मोकळा असे, म्हणून त्यांनी लेथवर स्वतःच्या करमणुकीसाठी कातरीसारखा लांब होणारा एक पंजा बनविला. कारखान्याचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस तो पडला आणि योकोईंना कचेरीत बोलावणे आले. कानउघाडणी होणार अशा समजुतीने गेलेल्या या नोकराला हुकूम मिळाला तो निराळाच: याचे विक्रीयोग्य खेळणे करा. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. त्या पंज्यात नवे असे काहीच नव्हते. लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी जोडून फुलीफुलीची घडी करण्याची युक्ती फार जुनी आहे. मला तर पुढचे सारे यश या पंज्यातच बीजरूपाने दिसते.

दुसरा प्रसंग आगगाडीतला. शिंकान्सेनमधून जाताना समोरचा कंटाळलेला नोकरदार प्रवासी खिशातला कॅल्क्युलेटर काढून त्याच्या कळा दाबीत वेळ काढतो आहे, हे योकोईंनी पाहिले. त्या सुमारास शार्प आणि कॅसिओ या दोन कंपन्यांत कॅल्क्युलेटरच्या किमती उतरविण्याची तुंबळ स्पर्धा चालली होती, आणि तिच्या परिणामी द्रवस्फटिकाचा पडदा व त्याला हुकूम देणारी चिप या दोन्ही वस्तू कवडीमोल झाल्या होत्या. हिशेबासाठी जन्मलेल्या या ऐवजातून ‘गेम अँड वॉच’ ही खिशातल्या खेळांची मालिका १९८० साली निर्माण झाली. याच मालिकेतील १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात डाव्या अंगठ्याखाली अधिकचिन्हाच्या आकाराची एक कळ बसविलेली होती. चार दिशा, एकच तुकडा, आणि डोळे पडद्यावरून न हलविता अंगठ्याला समजणारी रचना! आज जगात कोठेही खेळाचे यंत्र हाती घ्या, त्या कळेचा वंशज बहुधा तुमच्या अंगठ्याखाली येईल.

गेम बॉयचा तपशील आता कोणाही विद्यार्थ्याला किरकोळ वाटेल. पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा तेवढ्या. मागून प्रकाश नाही. प्रक्रियकाचा वेग सुमारे चार मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृती अवघी आठ किलोबाइट. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचे ‘लिंक्स’ रंगीत, उजळ पडद्यासह निघाले आणि पुढच्या वर्षी सेगाचे ‘गेम गिअर’ही तसेच. पाहणाऱ्याच्या मनात यांच्यापुढे गेम बॉयची कीव यावी अशी स्थिती होती. परंतु ती झगमगीत यंत्रे सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत गिळून टाकीत, आणि गेम बॉय मात्र चार सेलांवर पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र रंगीत आहे हे कळल्यावर योकोईंना चिंता वाटण्याऐवजी हायसेच वाटले, असे सांगतात, आणि ते मला खरे वाटते. सेल मुलाच्या खाऊच्या पैशांतून येतात, यंत्र दप्तरातून पडते, प्रवास लांबचा असतो. या गोष्टींचा जमाखर्च ज्याने आधी मांडला त्याला रंगाचा मोह आवरणे कठीण गेले नसेल. फळ्यावर दोन वर्तुळे काढून हा बर्फाचा माणूस म्हटले, की पाहणाऱ्याला त्याचा शुभ्र रंग आपोआप दिसतो, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. खेळणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर इतका विश्वास टाकणारा यंत्रकार विरळा.

यंत्र सुरू करताच कंपनीचे नाव वरून सावकाश खाली उतरते आणि मध्यावर आल्यावर टुणकन दोन स्वर वाजतात. हे नाव यंत्रातले नसते, खोचलेल्या खेळाच्या कॅसेटमधून वाचलेले असते. यंत्र ते आपल्या पोटातल्या प्रतीशी ताडून पाहते आणि जुळले तरच पुढची मंजुरी देते. त्यामुळे कॅसेटची टोके मळली असली, की नावाच्या जागी नुसता काळा पट्टा उतरतो आणि यंत्र तेथेच थबकते. ही सारी तपासणी अवघ्या २५६ बाइटांच्या आज्ञावलीत बसविलेली आहे. काटकसरीचे इतके सुंदर उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

या यंत्राला त्याचा खरा सोबती मॉस्कोत भेटला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ हा खेळ मुळात चित्रे काढू न शकणाऱ्या संगणकावर, कंसांच्या चिन्हांनी ठोकळे दाखवून जन्मला होता. त्याला रंगांची गरजच नव्हती. हेंक रॉजर्स हे जपानस्थित व्यापारी फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रवाशाच्या परवान्यावर मॉस्कोत उतरले, ‘एलोर्ग’ या सरकारी खात्याच्या दारात आगंतुकासारखे उभे राहिले, आणि हातातल्या यंत्रासाठीचे हक्क करारनाम्याने मिळवून परतले. निंटेंडोच्या अमेरिकन शाखेला त्यांनीच पटविले, की मारिओचा खेळ सोबत दिलात तर यंत्र मुले घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. तसेच झाले. १९९३ साली एका रशियन अंतराळवीराने हे यंत्र व हा खेळ ‘मीर’ स्थानकावर नेला. आणि आखाती युद्धात होरपळून ज्याचे कवच वितळले होते असे एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षे टेट्रिस चालवीत ठेवलेले होते.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जत्रांतून आणि एस.टी. स्टँडाबाहेरच्या गाड्यांवर जे ‘ब्रिक गेम’ मिळे, ते याच घराण्याचे दूरचे, गरीब नातलग. आवरणावर ९९९९ खेळांचा दावा असे आणि आत बहुतेक ठोकळेच पडत. दोन पेन्सिल सेलांवर उन्हाळ्याची सुट्टी काढलेल्या माझ्यासारख्यांना, पुढे मूळ यंत्र प्रथम हाती आले तेव्हा, ते परके वाटले नाही.

गेम बॉयच्या बाजूला एक लहानसे छिद्र होते, दुसऱ्या यंत्राशी तारेने जोडण्यासाठी. लहानपणी किडे पकडण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांना त्या तारेतून एक किडा सरपटत पलीकडे जातो आहे असे वाटले. आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे यंत्र म्हातारे झाले असे सर्वांनी धरल्यावर, त्यांचा ‘पोकेमॉन’ हा प्राणी जमविण्याचा खेळ प्रसिद्ध झाला. लाल व हिरव्या अशा दोन प्रती काढून प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम गाळलेले होते, त्यामुळे संग्रह पुरा करायचा तर शेजारच्या मुलाशी तार जोडणे भागच पडे. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉयची विक्री अखेर ११ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली.

योकोईंनी १९९६ च्याच ऑगस्टमध्ये निंटेंडो सोडली. त्यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे लाल रेषांचे यंत्र आदल्या वर्षी सपशेल पडले होते. त्यांनी ‘कोतो’ नावाची स्वतःची लहानशी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नव्या यंत्राचे काम हाती घेतले. परंतु ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू महामार्गावर, एका अपघातानंतर गाडीतून उतरले असता, दुसऱ्या गाडीची धडक बसून त्यांचा अंत झाला. ते यंत्र, ‘वंडरस्वान’, मार्च १९९९ मध्ये विक्रीस आले. त्याच्याही पडद्याला रंग नव्हते, आणि ते एकाच पेन्सिल सेलावर चालत होते.